चेस कव्हरचा खर्च: पत्र्याचा किती, बाकीचा कशाचा

एकाच घराच्या चेस कव्हरसाठी एक जण ४५० डॉलर सांगतो, दुसरा ९५०, तिसरा थेट २,४००. तिघंही प्रामाणिक असू शकतात, कारण तिघं वेगवेगळं काम विकत असतात. नेमकं काय विकतायत ते कळलं की आकड्यांचं कोडं उरत नाही.

आधी थोडी ओळख. अमेरिकेत गेल्या चाळीसेक वर्षांत बांधलेल्या पुष्कळ घरांत फायरप्लेस विटांची नसते. ती कारखान्यात तयार झालेली पत्र्याची पेटी असते आणि तिच्यातून धातूचा दुपदरी किंवा तिपदरी पाइप वर जातो. तो पाइप झाकायला टू-बाय-फोरचा लाकडी सांगाडा, त्यावर ओएसबी (लाकडाच्या चिपा दाबून केलेले तक्ते) आणि बाहेरून साइडिंग (भिंतीवरच्या पट्ट्या) किंवा स्टको (गिलावा) असा मनोरा उभारतात. हा चेस. त्याच्या डोक्यावरचं पत्र्याचं झाकण म्हणजे चेस कव्हर, आणि पाइपच्या तोंडावरची जाळीची टोपी म्हणजे कॅप. दोन्ही वेगळे भाग आहेत, दोन्हींचा खर्च वेगळा. विटांच्या चिमणीला चेस कव्हर नसतं, सिमेंटचा क्राउन असतो. तुमच्या साइडिंगच्या चेससाठी आलेल्या कोटेशनमध्ये ‘क्राउन रिपेअर’ लिहिलेलं असेल, तर तो माणूस वर चढलेलाच नाही.

बिल्डर सहसा पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्रा टाकतात, २६ गेज किंवा त्याहून पातळ. जस्ताचा मुलामा कोरड्या हवेत बरीच वर्षं टिकतो, पण कव्हरवर पाणी साचून राहतं. कव्हर सपाट असतं, मध्ये आधार नसतो, काही हिवाळ्यांत बर्फाच्या वजनाने ते पोटाला खचतं आणि मग प्रत्येक पावसानंतर पाइपभोवती तळं होतं. त्यात धुराची काजळी पडते, ती आम्ल असते. पहिला गंज बहुतेक वेळा कॉलरच्या, म्हणजे पाइपच्या भोकाभोवती उभ्या असलेल्या पत्र्याच्या कड्याच्या, कापलेल्या कडेवर दिसतो, कारण तिथे जस्त नसतंच. काही वर्षांत साइडिंगवर तपकिरी ओघळ उतरतात.

ओघळ दिसले म्हणजे गळती कव्हरचीच, असं नाही

गंजलेलं कव्हर बदलायचं हे ठीक, पण छताला ओल आली म्हणून कव्हर बदलणार असाल तर आधी खात्री करा. चेस छपरातून बाहेर पडतो तिथलं फ्लॅशिंग, म्हणजे जोड झाकणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, हा गळतीचा तितकाच मोठा संशयित आहे. चेस ३० इंचांहून रुंद असेल तर त्याच्या चढाकडच्या बाजूला पाणी दोन्हीकडे वळवणारा छोटा उंचवटा, म्हणजे क्रिकेट, असायला हवा. निवासी बांधकाम संहितेत तसं सांगितलेलं आहे. तो नसेल तर पानं आणि बर्फ तिथेच अडकतात आणि पाणी शिंगल्सखाली (छपरावरच्या चपट्या तुकड्यांखाली) शिरतं. हजार डॉलरचं नवं कव्हर त्याला काय करणार?

तपासायची रीत सोपी आहे, धीर मात्र लागतो. बागेतल्या पाइपने पाणी सोडायचं आणि खालून सुरुवात करायची. आधी फक्त छप्पर आणि चेसच्या जोडावर दहा-पंधरा मिनिटं, मग साइडिंगवर, सगळ्यात शेवटी कव्हरवर. आत एक जण फायरबॉक्स (आग पेटते ती पेटी) आणि अ‍ॅटिकमध्ये टॉर्च घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळत सगळीकडे जातं आणि काहीच सिद्ध होत नाही. छप्पर उंच किंवा तीव्र उताराचं असेल तर हे स्वतः करू नका. जमिनीवरून फोनचा झूम, पावसात फायरप्लेसमधून येणारा टपटप आवाज आणि डॅम्परवरचा (धुराच्या वाटेतल्या झडपेवरचा) ताजा गंज एवढ्यानेही बरंच कळतं.

पत्रा: उत्पादन पाहू नका, तीन आकडे पाहा

कोटेशनमध्ये नुसतं ‘स्टेनलेस चेस कव्हर’ लिहिलेलं असतं. त्यावरून काही ठरत नाही. ग्रेड, गेज आणि स्कर्टची खोली हे तीन आकडे लेखी मागा.

ग्रेड ३०४ हवा. ४३० हेही स्टेनलेसच, स्वस्तही असतं, पण पावसात त्यावर डाग आणि गंज लवकर येतो. ओळखायला साधं लोहचुंबक पुरतं: ४३० ला ते कचकन चिकटतं, ३०४ च्या सपाट भागाला जवळजवळ नाही. पत्रा वाकवला तिथे, म्हणजे कडेच्या घडीवर, ३०४ सुद्धा थोडं ओढ दाखवतो, म्हणून चाचणी मधल्या सपाट भागावर घ्या. घर समुद्राला लागून असेल, खाऱ्या वाऱ्यात, तर ३१६ चा विचार करा. एरवी त्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. २४ गेज स्टेनलेस साधारण ०.०२५ इंच, २० गेज ०.०३७५ इंच आणि १८ गेज ०.०५ इंच जाड असतो. तीन-साडेतीन फूट रुंदीपर्यंतच्या चेसला २४ गेज पुरतो. त्याहून मोठा पसारा असेल किंवा बर्फ पडणारा प्रदेश असेल तर २० कडे जा. १८ गेज दणकट असतो, पण त्याचं वजन चौरस फुटाला सुमारे २.१ पौंड, २४ गेजच्या दुप्पट. मोठं कव्हर मग एकट्याने शिडीवरून नेता येत नाही, म्हणजे मजुरीही वाढते.

स्कर्ट म्हणजे कडेने खाली वळवलेला भाग. ३ इंचांहून कमी नको, ४ असेल तर उत्तम. त्याच्या खालच्या काठाला बाहेरच्या दिशेने तिरपी घडी हवी, म्हणजे पागोळ्या साइडिंगपासून दूर पडतात. ही घडी नसलेलं कव्हर नवं असूनही वर्षभरात साइडिंग खराब करतं.

अ‍ॅल्युमिनियम हलका असतो, गंजत नाही, रंग लावलेला मिळतो. लाकूड जाळणाऱ्या फायरप्लेसवर मी तो सुचवणार नाही. गॅस फायरप्लेसवर आणि किमान ०.०५ इंच जाडीचा असेल तर चालतो. तांबं दिसतं सुरेख, किंमत स्टेनलेसच्या दोन-तीन पट. पण तांब्यावरून उतरलेलं पाणी खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीला खातं, हे विक्रेता क्वचितच सांगतो.

आणि गॅल्व्हनाइज्ड? तेच पुन्हा लावायचा मोह होतो, कारण पत्रा १५०-२०० डॉलरनी स्वस्त पडतो. पण शिडी, छप्पर, जुनं काढणं, नवं बसवणं ही मजुरी दोन्हींत सारखीच असते. म्हणजे एकूण बिलात फरक पाव-एक हिश्श्याचा आणि आठ-दहा वर्षांनी सगळी मजुरी परत. वर्षभरात घर विकणार असाल तरच हा सौदा समजू शकतो. तेव्हाही विकत घेणाऱ्याचा इन्स्पेक्टर वर बघतोच.

आकार: एका टप्प्यावर किंमत उडी का घेते

पत्र्याची दुकानं ४८ इंच रुंदीचे तक्ते ठेवतात, मोठे लागले तर ६० इंची. आता हिशोब करा. चेस ३६ इंच रुंद, दोन्हीकडे ४-४ इंच स्कर्ट आणि घडीला पाऊण-पाऊण इंच: ३६ + ८ + १.५ = ४५.५. ४८ च्या तक्त्यात बसला. चेस ४२ इंच असेल तर ५१.५ होतात आणि ६० चा तक्ता लागतो. चेस साडेपन्नास इंचांच्या पुढे गेला की एका तक्त्यात भागत नाही. मधोमध जोड द्यावा लागतो. जोड उभ्या घडीचा किंवा वेल्ड केलेला हवा. नुसता एकावर एक ठेवून सिलिकॉन भरलेला जोड म्हणजे पुढच्या गळतीची जागा. त्यामुळे शेजाऱ्याचा चेस ‘थोडासाच लहान’ असूनही त्याचं कव्हर पुष्कळ स्वस्त पडलं, तर त्यात लबाडी शोधू नका.

भोकं किती, हाही प्रश्न असतो. एकाच चेसमधून कधी दोन फायरप्लेसचे पाइप, कधी फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि वॉटर हीटरचा बी-व्हेंटही, म्हणजे गॅस उपकरणांचा धूर नेणारा दुपदरी पाइपही, जातो. प्रत्येक भोकाला वेल्ड केलेली कॉलर लागते, २ ते ४ इंच उंच. एका जादा भोकाचे ४०-७५ डॉलर वाढतात आणि ते रास्त आहेत.

उतारासाठी पत्र्यावर कोपऱ्याकोपऱ्यातून दोन तिरप्या घड्या पाडतात, पाकिटाच्या पाठीसारख्या. याला क्रॉस ब्रेक म्हणतात आणि चांगल्या दुकानात त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. मध्य वर आला पाहिजे. उलटा ब्रेक पाडलेलं कव्हर, मध्य खाली आणि कडा वर, हे मोठं हास्यास्पद प्रकरण असतं, पण ते खरोखर बसवलेलं दिसतं. माल आला की जमिनीवर ठेवून मधोमध पाणी ओता. पाणी कडेला पळालं तरच वर चढवू द्या.

माप स्वतः द्यायचं असेल तर

कव्हर ऑनलाइन मागवून किंवा जवळच्या एचव्हीएसीच्या, म्हणजे घर गरम-थंड ठेवणाऱ्या यंत्रणांच्या, पत्र्याच्या दुकानातून बनवून घेऊन फक्त बसवणी दुसऱ्याकडून करून घेणं हा पैसे वाचवायचा खरा मार्ग आहे. पण माप चुकलं तर माल परत होत नाही.

लांबी-रुंदी चेसच्या वरच्या टोकाला, ट्रिमच्या बाहेरून घ्या, प्रत्येक बाजू दोन ठिकाणी. सगळ्यात मोठा आकडा धरा आणि एकूण पाव इंच सैल ठेवा. दोन्ही कर्ण मोजा. त्यांत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर चेस काटकोनात नाही, हे दुकानाला सांगा. पाव इंचाहून घट्ट कव्हर बसतच नाही. फार सैल केलं तर वाऱ्यात खडखडतं.

भोकाची जागा पाइपच्या मध्यापासून मोजू नका, पाइपच्या कडेपासून मोजा, चारही बाजूंनी. मग बेरीज जुळवा: डावीकडचं अंतर + पाइपचा बाहेरचा व्यास + उजवीकडचं अंतर = चेसची लांबी. उदाहरणार्थ २०.५ + १२ + २७.५ = ६०. जुळलं नाही तर कुठेतरी टेप घसरली. आणि कागदावर ‘पुढची बाजू’ कोणती ते लिहा. भोक आरशातल्यासारखं उलट्या बाजूला पडलेलं कव्हर ही या धंद्यातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. कॉलरचा व्यास पाइपपेक्षा पाव ते अर्धा इंच मोठा हवा, कारण पाइप तापला की लांबतो आणि वर सरकतो. म्हणूनच स्टॉर्म कॉलर, ती वरची छत्रीसारखी पट्टी, पाइपला घट्ट बसवून उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने सील करतात आणि कव्हरच्या कॉलरला मोकळी सोडतात. कुणी ‘पूर्ण सील’ म्हणून पाइप आणि कव्हर सिलिकॉनने चिकटवून टाकलं, तर पहिल्या हिवाळ्यातच तो जोड फाटतो. काही पाइपांच्या पदरांमधून हवा खेळती राहावी लागते, तिथे तर बुजवणं धोक्याचंच.

मजुरी: पत्र्यापेक्षा शिडी महाग

सरळ काम असेल, म्हणजे एकमजली किंवा सोप्या उताराचं दुमजली छप्पर, एक पाइप आणि खाली लाकूड ठणठणीत, तर दोन माणसांचं दोन-तीन तासांचं काम आहे. ३६ बाय ६० इंचांचा चेस, ३०४ स्टेनलेस, २४ गेज: पत्रा, घडणावळ आणि वाहतूक मिळून साधारण ३०० ते ४५०, बसवणी ३०० ते ५५०, एकूण ६०० ते १,००० डॉलरच्या घरात. मोठ्या शहरांच्या आसपास वरचं टोक धरा.

यावर वाढतं ते असं. छप्पर ८/१२ हून (१२ इंचांना ८ इंच चढ) तीव्र असेल तर रूफ जॅक (पाय ठेवायच्या फळीचे कंस), दोर, हार्नेस आले. बांधकामावर ६ फुटांवर काम करणाऱ्या कामगाराला पडण्यापासून संरक्षण देणं त्याला कामावर ठेवणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आम्ही दोर न लावता करतो, स्वस्तात’ हे ऐकून खूश होऊ नका. तीन मजली टाउनहाउसला कधी माणसांना बाहेरून उंचावर नेणारी यंत्रलिफ्ट भाड्याने आणावी लागते आणि तिचं एका दिवसाचं भाडं कव्हरइतकंच होतं. अशा वेळी शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी काम काढलं तर लिफ्टचा खर्च वाटला जातो. एकाच बिल्डरची घरं एकाच वर्षीची असतात, पत्रेही एकदमच गंजतात. एवढं एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारायला काय हरकत आहे?

कॅपचं वेगळं. जुनी कॅप गंजून पाइपला जखडलेली असते आणि काढताना तुटते. कारखान्याच्या फायरप्लेसला त्याच कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेली कॅप लागते. बाजारातली कुठलीही बसवली तर त्या यंत्रणेची सुरक्षा मान्यता राहत नाही. म्हणून फायरबॉक्सच्या आत जाळीच्या मागे किंवा बाजूला लावलेल्या धातूच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आधीच टिपून ठेवा. कंत्राटदाराने तो विचारलाच नाही, तर कॅप कशी आणणार हे तुम्ही विचारा.

झाकण उघडल्यावर निघतं ते

अंदाज इथे खरा कोलमडतो. जुन्या कव्हरला भोकं पडून दोन-तीन वर्षं झाली असतील तर वरच्या चौकटीची लाकडं आणि ओएसबीच्या वरच्या कडा भुसभुशीत झालेल्या असतात. वरचा २x४ चा एक थर बदलणं म्हणजे १५०-३०० डॉलर. ओएसबी आणि साइडिंग खालपर्यंत उतरवायची वेळ आली तर हजारांत जातं. सिंथेटिक स्टको असेल तर आणखी, कारण त्यात आत गेलेलं पाणी बाहेर निघत नाही. म्हणून कोटेशनमध्ये ‘लाकूड सडलेलं निघाल्यास दर फुटाला अमुक’ अशी ओळ आधीच घालून घ्या. काम अर्धवट, चेस उघडा आणि आभाळ भरून आलंय, अशा वेळी ठरलेला दर नेहमी जास्तच असतो.

कव्हर मोठं असेल तर खाली आडवा आधार घालून घ्या, मध्य खचणार नाही. लाकूड जाळणाऱ्या फायरप्लेसच्या पाइपपासून लाकडाला बहुधा २ इंच अंतर लागतं, बी-व्हेंटपासून १ इंच. नेमका आकडा त्या त्या पाइपच्या माहितीपत्रकात असतो. आधाराला प्रेशर ट्रीटेड लाकूड वापरलं तर त्यातलं तांब्याचं रसायन गॅल्व्हनाइज्ड आणि अ‍ॅल्युमिनियमला खातं. मध्ये चिकट मेम्ब्रेनची पट्टी हवी.

स्क्रू स्कर्टमधून आडवे मारायचे, बाजूला दोन-तीन, स्टेनलेसचे आणि रबरी वॉशर असलेले. वरच्या सपाट भागातून मारलेला एकही स्क्रू म्हणजे भोक. स्टेनलेस कव्हरला साधे जस्ताचे स्क्रू मारले तर वर्षा-दोन वर्षांत स्क्रूच गंजतात आणि ओघळ पुन्हा सुरू. अशा पन्नास सेंटच्या चुका हजाराच्या कामात सर्रास होतात.

फर्नेसचा व्हेंट त्याच चेसमधून जात असेल तर काम चालू असताना फर्नेस आणि वॉटर हीटर बंद ठेवा आणि शेवटी व्हेंटचा प्रत्येक जोड जागेवर आहे ना ते पाहून घ्या. सुटलेल्या जोडातून कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

कुणाला द्यायचं, कुणाला नाही

९९ डॉलरमध्ये चिमणी साफ करून देतो म्हणून येणारे आणि मग फोनवर भयानक फोटो दाखवून तीन हजारांचं काम सुचवणारे सगळीकडे आहेत. फोटो तुमच्याच चेसचा आहे हे पटलं पाहिजे: फोटोत मागे तुमचं छप्पर, झाडं, शेजारचं घर दिसायला हवं. दार ठोठावून आलेल्या विक्रेत्याशी घरातच केलेला २५ डॉलरवरचा करार तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो, हा केंद्रीय नियम आहे. राज्यांचे नियम वेगळे. न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याची नोंदणी लागते आणि ५०० डॉलरवरचा करार लेखी असावा लागतो. कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी कमी तेवढीच घेता येते. टेक्सासमध्ये छपराच्या कंत्राटदाराला राज्याचा परवाना लागतच नाही, म्हणून तिथे विमा आणि जुनी कामं स्वतः तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

‘लाइफटाइम वॉरंटी’ बहुतेक वेळा फक्त पत्रा गंजून आरपार गेला तर नवा पत्रा देण्याची असते. मजुरी तुमचीच. घर विकल्यावर ती पुढच्या मालकाला जाते का, तेही विचारा.

तात्पुरता रंग लावावा का? भोकं नसतील, तळं साचत नसेल, तर वायर ब्रशने घासून, गंजरोधक प्रायमर आणि धातूचा रंग देऊन दोनेक वर्षं निघतात. पण त्यासाठी माणूस वर चढवून तीनशे डॉलर देणार असाल, तर ते पैसे नव्या कव्हरमध्येच घाला. गंजलेल्या भोकावर रबरी लेप फासणं मात्र नको. पाणी आतून अडकतं आणि लाकूड अधिक जोमाने सडतं.

कॉन्डो किंवा टाउनहाउसमध्ये राहत असाल तर पैसे काढण्याआधी एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) कागदपत्रं उघडा. पुष्कळ ठिकाणी चेसचा बाहेरचा भाग सामाईक मालमत्तेत येतो आणि खर्च संघटनेचा असतो. स्वतंत्र घर असलं तरी रंगाची परवानगी लागू शकते. स्टेनलेसवर काळा किंवा तपकिरी पावडर कोट दिला की चकाकीची तक्रार राहत नाही, वर १००-२०० डॉलर जातात. घराचा विमा झिजेला आणि गंजाला पैसे देत नाही. वादळात कव्हर उडालं तर देऊ शकतो, पण डिडक्टिबल (दाव्यात तुम्ही स्वतः सोसायची रक्कम) १,००० डॉलरचा असताना ९०० डॉलरच्या कामाचा दावा लावून काही हाती लागत नाही. वाऱ्याने कव्हरबरोबर शिंगल्सही गेल्या असतील, तर दोन्ही एकाच दाव्यात घाला आणि फोटो ताडपत्री टाकण्याआधी काढा.